दोन पाट्यांचं घर

"अगं, कळलं का तुला? समोर पहिल्या मजल्यावर दोघीजणी राहायला आल्यात. दोन बायका, दोन पोरं, आणि पुरुष एकही नाही!"

काकूंकडे बातमी असली की त्या आधी शेवग्याच्या शेंगा देतात. तशा चार शेंगा कुंपणावरून माझ्या हातात आल्या आणि पाठोपाठ हे. आमच्या दोघींच्या घरांमध्ये छातीएवढी भिंत आहे. नवीन पनवेलच्या आमच्या गल्लीत सिडकोच्या वेळची घरं म्हणून आता आम्ही दोघीच उरलोय, बाकीच्यांनी पाडून इमारती केल्या. समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या नेमक्या आमच्या अंगणासमोर येतात, त्याला आमचा इलाज नाही.

"बहिणी असतील," मी म्हटलं.

"छे गं! दारावर दोन पाट्या आहेत, दोन्ही आडनावं वेगळी. एक नर्स आहे कामोठ्याला. दुसरी बेलापूरला कुठल्याशा ऑफिसात हिशोब बघते. एकीचा नवरा गेला, दुसरीचा असून नसल्यासारखा. नर्सचा मुलगा आहे दहा-अकराचा आणि त्या दुसरीची मुलगी सातेक वर्षांची. आता बोल."

"मी काय बोलू? तुम्ही तर पंचनामाच करून आलात."

"मी कशाला जाते? आपली भांडीवाली त्यांच्याकडेही लागलीय."

खरी गंमत पुढेच होती. सोसायटीच्या सेक्रेटरींनी घरमालकाला बोलावून घेतलं म्हणे. आपल्याकडे फक्त फॅमिलीला जागा द्यायचा ठराव आहे, असं सांगितलं. घरमालक पडला कच्छी व्यापारी, जुन्या पनवेलच्या बाजारपेठेत दुकान. तो म्हणाला, "चार माणसं आहेत, दोन नोकरी करतात, दोन शाळेत जातात, महिन्याचे 22,000 एक तारखेला खात्यात पडतात. याहून मोठी फॅमिली मला तरी परवडत नाही."

काकू हसल्या, पण लगेच आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण सोसायटीची परवानगी नको का घ्यायला?"

इथे मला राहवत नाही. माझी सगळी नोकरी सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कचेरीत गेली. सोसायट्यांची भांडणं हाच माझा धंदा होता. गळती, पार्किंग आणि भाडेकरू, या तीन विषयांवर जितकी शाई सांडलेली मी पाहिली, तितकी शाळेतल्या निबंधांवरही सांडत नसेल. "काकू, आदर्श उपविधीत स्पष्ट आहे. सभासदाने फ्लॅट भाड्याने दिला तर सोसायटीला कळवायचं. परवानगी मागायची गरज नाही. कराराची प्रत द्यायची, पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद करायची, बस. बिनभोगवटा शुल्क घ्यायचं तेही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांच्या वर नाही, 2001 पासूनचा आदेश आहे. आणि फॅमिली म्हणजे नवरा-बायकोच, असं मी तरी कुठल्या उपविधीत वाचलेलं नाही."

"मग ठराव?"

"ठराव काय, लोक वाट्टेल ते करतात. चार माणसं खुर्च्या टाकून बसली की ठराव होतो. कायद्यापुढे टिकला पाहिजे ना!"

"तरी पण बाई," काकूंनी शेंगेचा देठ मोडत म्हटलं, "दोघी परक्या बायका एका स्वयंपाकघरात? दोन बहिणी नांदत नाहीत, दोन जावा नांदत नाहीत. एका म्यानात दोन तलवारी!"

तलवारींचं काय झालं ते मी पुढे डोळ्यांनी पाहिलं. कैऱ्या द्यायच्या निमित्ताने गेले होते. निमित्त लागतंच, नुसतं बघायला कसं जायचं? नर्स रात्रपाळी करून झोपली होती. दुसरी कपड्यांच्या घड्या करत होती, शनिवार असावा. फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय टांगलेलं. त्यावर तारखांना लाल गोल आणि निळे गोल. लाल म्हणजे नर्सची रात्रपाळी, निळा म्हणजे हिचं महिनाअखेरचं काम, घरी यायला उशीर. जिथे लाल आणि निळा एका तारखेवर आले होते तिथे पेन्सिलीने फुली आणि पुढे बारीक अक्षरात 'आई'. म्हणजे त्या दिवशी नर्सची आई पेणहून यायची. अख्ख्या महिन्यात फुल्या दोनच होत्या. त्या कॅलेंडरपुढे मी बराच वेळ उभी राहिले. आमच्या कचेरीत साहेबांना महिन्याचा दौरा इतका सरळ कधी लावता आला नाही.

"मुळात जमलं कसं तुमचं?" मी विचारलं.

पाळणाघरात, ती म्हणाली. तिची मुलगी जिथे शाळेनंतर राहायची ते पाळणाघर संध्याकाळी सातला बंद व्हायचं. हार्बरची गाडी वेळेवर असली तर ती पावणेसातला पनवेल स्टेशनात. पण हार्बरची गाडी आणि वेळ यांचं आपल्याला माहीतच आहे. उशीर झाला की पाळणाघरवाल्या बाई कुलूप हातात घेऊन दारात उभ्या. नर्सचा मुलगाही तिथेच. एकदा गाडी वाटेतच अडकली, तेव्हा नर्स दोघांनाही घेऊन आपल्या खोलीवर गेली, वरणभात घातला आणि फोन केला, तुम्ही सावकाश या, पोरगी जेवलीय. ती एक खोली आणि स्वयंपाकघर घेऊन करंजाड्यात राहत होती, ही सुकापूरला. दोघींची दोन भाडी, दोन डिपॉझिट, दोन गॅस, पाळणाघराच्याही दोन फिया. पुढच्या करारापर्यंत दोघींनी थांबून एकच दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. पाळणाघर सुटलं.

हे मी कुंपणावर काकूंना सांगितलं, तेव्हा त्यांचा प्रश्न वेगळाच. "आणि मासळी? एक खात असेल, एक नसेल."

बरोबर ओळखलं होतं. नर्स पेणकडची, तिला बांगडा नाही मिळाला तर आठवडा गेल्यासारखा वाटत नाही. दुसरी कट्टर शाकाहारी घरातली. मासळीचा तवा वेगळा, त्याला वेगळी घासणी, आणि तो ओट्याखाली उलटा ठेवायचा. सोमवारी आणि गुरुवारी तवा निघत नाही. मुलीने मात्र पहिल्याच महिन्यात पक्ष बदलला म्हणे. तिची आई हे सांगताना खोटं रागावत होती.

खरं भांडण तव्यावरून झालंच नाही. ते झालं पोरांवरून. नर्सच्या मुलाने मुलीची वही फाडली, हिने त्याला एक धपाटा घातला. नर्स घरी आली, पोरगं मुसमुसत सांगतं. दोन दिवस अबोला. मग बसून ठरवलं: दोघींनी दोन्ही पोरांना ओरडायचं, अभ्यासाला बसवायचं, टीव्ही बंद करायचा, सगळं. पण हात उचलायचा तो फक्त आपापल्या पोरावर. आणि एकीने नाही म्हटलं असेल तर दुसरीने हो म्हणायचं नाही. काकूंना हा नियम इतका पटला की त्या म्हणाल्या, "हे आमच्या घरात सासूबाईंनी आणि मी ठरवलं असतं ना, तर निम्मं आयुष्य सुखात गेलं असतं."

काकू जुन्या पनवेलच्या. वाड्यात वाढल्या, वाड्यातच नांदल्या, इकडे सिडकोत आल्या त्या पुष्कळ नंतर. त्यांना एकदा वाडा आठवला की थांबत नाहीत.

"आमच्या वाड्यात होत्याच की अशा. मागच्या खोलीत एक आत्या होत्या, यांच्या चुलत नात्यातल्या. पंचविशीत नवरा गेला, पदरात मुलगा. पहाटे उठायच्या, सगळ्या वाड्याचं पाणी भरायच्या, दळण, पापड, लोणची, बाळंतिणींचं सगळं. मुलगा शिकला आमच्यातच. कुणी कधी त्यांना भाडं मागितलं नाही."

"आणि पगार कुणी दिला?"

काकू गप्प झाल्या.

"आणि काकू, त्यांना कधी वाटलं की आज मला स्वयंपाक करायचा नाही, तर?"

"कसं वाटेल गं? वाटून कोणाला सांगणार?"

वाड्याचं मोठेपण मला मान्य आहे. पोरं दहा हातांत वाढली, आजारपणात कुणी एकटं पडलं नाही. पण त्या दहा हातांतले दोन हात नेहमी अशा एखाद्या आत्याचे असायचे, आणि त्या हातांत वाड्याची किल्ली कधी आली नाही. समोरच्या दोघींच्या हातात दोन किल्ल्या आहेत. माझ्या लेखी सगळा फरक तिथे आहे.

"मग आश्रम होते की," काकू म्हणाल्या. "माझी आत्तेसासू हिंगण्याला होती."

हिंगण्याचं नाव निघालं की मीही घसरते. महर्षी कर्व्यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि 1900 मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला गेला, रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी दिलेल्या सहा एकर जागेत, एका झोपडीत. हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण कर्व्यांचं स्वतःचं घर काय होतं ते कुणी फारसं सांगत नाही. त्यांची पहिली बायको राधाबाई 1891 मध्ये गेली, मुलगा रघुनाथ लहान, म्हणजे कर्वे स्वतः एकटे बाप. 1893 मध्ये त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्या बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. मग गोदूबाईंची, म्हणजे आनंदीबाईंची, धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. विशीत वैधव्य, पदरात एक मुलगा. तो मुलगा शिकायला कर्व्यांच्याच घरी आला, आणि पार्वतीबाई आश्रमाच्या वर्गणीसाठी गावोगाव फिरल्या. पुढे 1918 मध्ये त्या एकट्या अमेरिकेला गेल्या, इंग्रजी मोडकंतोडकं असताना. कुणीतरी मुलगा सांभाळतंय म्हणूनच तर ती बाई गावोगाव जाऊ शकली!

"म्हणजे बहीण होती म्हणून," काकूंनी लगेच पकडलं.

"हो. बहीण होती म्हणून. ज्यांना बहीण नाही त्यांनी काय करायचं, तोच तर प्रश्न आहे."

आणि शारदा सदन काढणाऱ्या रमाबाई? त्यांचा नवरा 1882 मध्ये गेला तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा वर्षभराचीही नव्हती. मुलीला घेऊन बाई इंग्लंडला गेली, तिथून अमेरिकेला, आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. दुष्काळात शेकडो बायका-मुली केडगावला आणल्या, तिथलं मुक्ती सदन म्हणजे छापखाना, विणकाम, तेलघाणा चालवणारं बायकांचं गावच होतं. त्याच्याही आधी, 1863 मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. तिथे बाळंत झालेल्या काशीबाईंचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. एकट्या आईला आधी छप्पर लागतं, हे आपल्या माणसांना दीडशे वर्षांपासून माहीत आहे.

"मग आता सरकार काढत नाही का असलं काही?"

"काढतं ना. नोकरदार महिलांची वसतिगृहं आहेत, 1972-73 पासूनची योजना. आता तिला 'सखी निवास' म्हणतात. आईबरोबर मुलं ठेवता येतात. मुलगी 18 वर्षांची होईपर्यंत, मुलगा 12 वर्षांचा होईपर्यंत. पूर्वी मुलग्याला पाचच वर्षं होती."

"आणि तेरावं लागलं की?"

"तेरावं लागलं की आईने घर शोधायचं. आणि तसंही, राहण्याच्या वर्षांना मर्यादा आहेच."

काकूंनी समोर गॅलरीकडे पाहिलं. नर्सचा मुलगा वाळत घातलेले कपडे काढत होता. मुलीचा फ्रॉक चिमट्यातून निघत नव्हता म्हणून त्याने दातांनी चिमटा धरला होता. "हा दहा-अकराचा," काकू म्हणाल्या. "याला कसलं वसतिगृहाबाहेर काढतात!"

नियम करणाऱ्यांचीही बाजू असते. चाळीस बायकांच्या वसतिगृहात पंधरा वर्षांचा मुलगा कुठे झोपवायचा? ही अडचण खरीच आहे, मी नाही म्हणत नाही. पण ती अडचण वसतिगृहाच्या रचनेतली आहे. साधं घर असेल, दाराला कडी असेल, तर ती येतच नाही. आपण एकट्या आईची व्यवस्था करायची म्हटली की पहिल्यांदा आश्रम डोळ्यांपुढे आणतो: फाटक, अधीक्षक, रात्री नऊची हजेरी. ती निराधार असते तेव्हा आश्रमच लागतो, आणि अशी ठिकाणं आहेत म्हणून कितीतरी जीव वाचले. पण समोरची नर्स निराधार नाही. तिला पगार आहे. तिला फक्त रात्रपाळीच्या वेळी घरात दुसरं मोठं माणूस हवं आहे.

"आपल्या अलिबागकडे ते बालग्राम आहे ना?" काकूंनी विचारलं.

सोगावला एसओएसचं बालग्राम आहे. तिथे एकेका घरात एक आई आणि काही मुलं, अशी शेजारी शेजारी घरं. कल्पना सुरेखच, पण ती आई नसलेल्या मुलांसाठी. आई असलेल्या मुलांसाठी, बाप तेवढा नाही अशांसाठी, असं गाव मला तरी रायगडात दिसलेलं नाही.

बाहेरच्या देशांत मात्र याचा बारकाईने विचार झालाय. लंडनमध्ये 1972 मध्ये फक्त एकट्या पालकांसाठी एक इमारत बांधली, फिओना हाउस. नीना वेस्ट नावाच्या बाईंच्या संस्थेने. त्यात कॉरिडॉर नुसता जायला-यायला नाही ठेवला, त्यावर गालिचा घालून पोरांना खेळायची जागा केली, आणि प्रत्येक स्वयंपाकघराची खिडकी त्या कॉरिडॉरकडे. आई पोळ्या लाटता लाटता, म्हणजे तिकडे त्या काय लाटत असतील ते, पोराकडे बघू शकते. शिवाय घराघरांत इंटरकॉम. एकीला बाहेर जायचं असलं तर शेजारीण आपल्या घरात बसून तिच्या बाळाचा आवाज ऐकू शकते. त्याच्या कितीतरी आधी, 1935 मध्ये, स्टॉकहोमला अल्वा मिरडाल या बाईंनी एका वास्तुविशारदाला हाताशी धरून अशी इमारत उभी केली की खाली सामायिक स्वयंपाकघर, तिथून छोट्या लिफ्टमधून जेवण वर घरात, आणि तळमजल्यावर पाळणाघर. कामावर जाणाऱ्या आयांसाठी.

"जेवण लिफ्टमधून?" काकूंना हे फार आवडलं. "आणि भांडी?"

"तीही लिफ्टनेच खाली जात असतील."

"मग आमची भांडीवाली तिकडे पाठवू नकोस हो."

डेन्मार्कची गोष्ट याहून पुढची. 1967 मध्ये बोदिल ग्रोए नावाच्या लेखिकेने तिथल्या वर्तमानपत्रात लेख लिहिला, प्रत्येक मुलाला शंभर आईबाप असायला हवेत अशा अर्थाचा. तो वाचून काही कुटुंबं एकत्र आली आणि 1972 मध्ये कोपनहेगनच्या उत्तरेला सेटेडामेन नावाची वस्ती झाली. प्रत्येकाचं घर स्वतंत्र, स्वतःचं स्वयंपाकघरही, पण मध्ये एक सामायिक घर. तिथे संध्याकाळी पाळीपाळीने स्वयंपाक करायचा आणि सगळ्यांनी जेवायचं. तिथून ही पद्धत जगभर गेली.

"म्हणजे वाडाच की गं हा!" काकू म्हणाल्या.

"वाडाच. फक्त मागच्या खोलीतल्या आत्या नाहीत. ज्याची पाळी त्याने रांधायचं, पुरुषांनीसुद्धा."

"मग वाडा नाही हो तो," काकूंनी निकाल दिला.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा दोन बायकांसाठी डेन्मार्कपर्यंत कशाला जायचं? तर त्या दोनच नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या महिला संस्थेने 2019 मध्ये अहवाल काढला, त्यात भारतातली साडेचार टक्के घरं एकट्या आयांची आहेत असं आलं, म्हणजे जवळपास 1 कोटी 30 लाख. शिवाय 3 कोटींहून अधिक एकट्या आया सासर-माहेरच्या मोठ्या कुटुंबात राहतात, त्या वेगळ्याच. त्या म्हणजे आपल्या वाड्यातल्या आत्या. आणि गरिबीचं प्रमाण एकट्या आयांच्या घरांत 38 टक्के, दोघं असलेल्या घरांत 22-23. हे ऐकून काकू म्हणाल्या, "त्यात काय नवल? एका पगारात दोघांचं भाडं." अहवालाच्या पानोपानी जे सांगितलं असेल ते त्यांनी शेंगा मोडता मोडता सांगून टाकलं.

त्यात पनवेलची भाडी आता कुणाच्या हातात राहिली नाहीत. 8 ऑक्टोबर 2025 ला इथल्या विमानतळाचं उद्घाटन झालं, डिसेंबरात विमानं उडायला लागली, आणि ज्याच्याकडे एक खोली आहे त्यालाही आपण एअरपोर्टजवळचे मालक झालो असं वाटू लागलं. वाहतं पाणी आलं की हात सगळेच धुतात. पण एका पगारावर घर चालवणाऱ्या बाईला 2,000 रुपयांची वाढ म्हणजे पोराच्या क्लासची फी.

"सरकार काही देत नाही का अशांना?"

देतं, पण नियमात बसलं तर. बालसंगोपन योजनेत एका पालकाच्या मुलाला महिना 2,250 रुपये मिळतात. पूर्वी 1,100 होते. संजय गांधी निराधार योजनेत विधवा आणि परित्यक्तांना 1,500, पण तिथे वर्षाच्या उत्पन्नाची अट 21,000 ची. नोकरी करणारी कुठली बसणार त्यात? आणि नवरा गेलाय तिच्याकडे निदान मृत्यूचा दाखला असतो. नवरा असून नाही, तिने कुठला दाखला आणायचा? संगमनेरच्या निशा शिवूरकर आणि त्यांच्याबरोबरच्या बायका 1980 च्या दशकापासून याच्यासाठी रस्त्यावर उतरल्या. टाकलेल्या बाईला स्वतःचं रेशनकार्ड द्या ही त्यांची मागणी. तिकडे सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकरांच्या चळवळीने परित्यक्तांना घराला जागा द्या म्हणून लढा दिला. रेशनकार्ड नवऱ्याच्या नावावर, घर नवऱ्याच्या नावावर, मग ती सरकारच्या लेखी राहते तरी कुठे? आता काही गोष्टी सुधारल्या. 2016 च्या शेवटापासून पासपोर्टला एकाच पालकाचं नाव चालतं. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला, बापाला नोटीस न देता, मुलाची पालक होता येईल असा निकाल दिला. आणि 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आधी आईचं नाव, मग बापाचं.

"एवढं सगळं झालं," काकू म्हणाल्या, "आणि आपला सेक्रेटरी अजून फॅमिलीतच अडकलाय."

मी त्या दोघींना एकच सल्ला दिला, तोही न मागता. त्यांचा करार फक्त नर्सच्या नावावर होता. दुसरीचं नाव 'सोबत राहणार' म्हणून खाली कुठेतरी. मी म्हटलं, पुढच्या वेळी दोघींना बरोबरीने भाडेकरू म्हणून घाला, डिपॉझिट कुणी किती दिलं तेही लिहा, एकीला सोडून जायचं झालं तर दुसरीला किती आधी सांगायचं तेही आपसात कागदावर घ्या. नर्स जरा दुखावली. आमच्यात कागद कशाला, म्हणाली. मैत्रीत कागद आला की मैत्री जाते असं आपल्याकडे समजतात. मी उलट पाहिलंय. कचेरीत माझ्यासमोर जे सख्खे भाऊ एकमेकांच्या उरावर बसले, त्यांच्यातल्या बहुतेकांनी कागद करायचा राहू दिला होता. उद्या यातली एक परत लग्न करेल, एकीची बदली होईल, एकीचा तो असून नसलेला उगवेल. या सगळ्या व्यवस्थेची दुबळी जागा तीच आहे. दोन बायकांच्या भरवशावर चार माणसांचं घर उभं आहे, आणि त्या नात्याला आपल्या कुठल्याच अर्जात रकाना नाही. शाळेच्या फॉर्मवर 'आणीबाणीत कोणाला कळवावे' एवढ्या एका ओळीत त्या एकमेकींची नावं लिहितात. नातं या रकान्यात नर्सने काय लिहिलं होतं माहीत आहे? 'मावशी'.

"खरंच मावशी आहे की," काकू म्हणाल्या. त्यांचा पक्ष कधी बदलला ते मला कळलंच नाही.

मग त्यांनी हळूच विषय काढला. काकूंच्या घरावर दोन खोल्या आहेत, मुलगा राहायचा तेव्हा चढवलेल्या. मुलगा बंगळुरूला गेला, खोल्यांत आता वाळवणाच्या परड्या आणि जुना कूलर. जिना बाहेरून.

"पाळणाघरात अशा अजून कुणी असतील का गं त्यांच्या ओळखीच्या?"

"असतील. विचारू?"

"विचार. घाई नाही. एक मीटर वेगळं करून घ्यावं लागेल. गॅस दोघींत एकच की दोन?"

"ते त्या ठरवतील, काकू."

"आणि मुलगा असला तरी चालेल, तेराचा असला तरी. टाकीत पाणी आलं की नाही ते बघायला कुणीतरी हवंच. डिपॉझिट मी फार नाही घेणार, पण बोंबील भाजायचे तर गच्चीवर. सोमवारी नाही. अॅग्रीमेंटमध्ये घालून टाक."

"अॅग्रीमेंटमध्ये बोंबील घालत नाहीत हो."

"मग इतकी वर्षं त्या कचेरीत बसून तुम्ही लोक लिहीत काय होतात?"